बॅटरीला शिवलेलं कव्हर

लाईट गेली की आमच्या घरात आधी मशीन ओरडायचं आणि मग मी. मशीन म्हणजे आमच्या यांचं ऑक्सिजनचं. खोलीतल्याच हवेतून ते ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे यांच्या नाकात सोडतं. यांनी उभा जन्म लातूरच्या डाळमिलमध्ये काढला, आधी चाळणीवर आणि मग मुकादम म्हणून. तुरीचा भुसा आणि धूळ वर्षानुवर्षं छातीत साठत गेली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "फुप्फुसं कडक झालीत. आता ती परत मऊ व्हायची नाहीत." आधी नुसतं झोपताना नळी लागायची, मग जेवतानाही लागायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून नळी काढली की चार-पाच मिनिटांत ओठ निळे पडायला लागायचे. तेव्हापासून माझा एक कान कायम त्या मशीनच्या घरघरीवर असतो.

छतावर सोलर होतंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी बसवलं होतं. गल्लीत पहिलं आमचंच. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी जिन्यावरून वर नेऊन दाखवायची, आणि हे खालून ओरडायचे, "अगं, पाहुण्यांना चहा तरी घेऊ दे आधी!" लाईट गेली तरी आमच्याकडे पंखा फिरायचा, ट्यूब जळायची. मला वाटायचं, सोलरवर चाललंय. प्रत्यक्षात ते सगळं जिन्याखालच्या जुन्या इन्व्हर्टरवर चालत होतं. तीन वर्षं मला हे कळलं नाही. मुलांना विज्ञान शिकवलेली बाई मी, आणि माझ्याच छताखाली काय चाललंय ते मला माहीत नव्हतं.

कळलं ते वैशाखात, भर दुपारी. लाईट गेली, जुन्या इन्व्हर्टरनं मशीनचा भार पाच-सात मिनिटं ओढला, आणि फट्ट करून सगळं बंद. मशीन किंचाळायला लागलं. मी आधी निवांतच. म्हटलं, वर एवढं ऊन पडलंय, सोलर सुरू होईल. अंगणात जाऊन वर पाहिलं तर पॅनल लखलखत होते, डोळा ठरेना. आणि आत माझा नवरा उशीवर कोपर टेकून हवा ओढत होता. कोपऱ्यातलं छोटं सिलिंडर ओढलं, त्याचा पाना सापडेना, सापडला तर बसेना. कसाबसा लावला. त्या सिलिंडरचा काटा खाली उतरत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. अर्ध्या-पाऊण तासानं लाईट आली.

"बरं झालं," हे म्हणाले, "तेवढीच कानाला शांतता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोलर बसवणाऱ्याला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. तो बिचारा ऐकून घेत राहिला आणि मग म्हणाला, "बाई, ही ऑन-ग्रिड सिस्टीम हाय. लाईनीत करंट नसला की ती सवताहून बंद होती. न्हाई झाली तर आपला करंट उलटा लाईनीत जाईल आन खांबावर चढलेला वायरमन मरंल."

"अरे मेल्या, हे बसवताना सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की, बाई."

सांगितलंही असेल. मी तेव्हा पॅनलचे फोटो काढत होते.

लातुरातच माझा एक जुना विद्यार्थी आहे, आता दोन लेकरांचा बाप. त्याचं सोलरचं दुकान आहे. दुसऱ्याच दिवशी मी वही-पेन घेऊन त्याच्याकडे गेले. त्यानं मला पंख्याखाली बसवलं, थंड पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. आहेत तेच पॅनल चालतील. इन्व्हर्टर बदलून हायब्रीड बसवायचा, त्याला लिथियम बॅटरी जोडायची. लाईट गेली की घर लाईनीपासून तुटतं आणि पॅनल-बॅटरी मिळून आपलं आपलं चालतं. लिथियममध्येही जाती आहेत. घराला फॉस्फेटवाली घ्यायची. ती जड असते, जागा जास्त खाते, पण सहजासहजी पेट घेत नाही. गाड्यांच्या पॅकमधली असते ती हलकी आणि ताकदीची, पण एकदा तापली की आवरत नाही. आणि आत एक सर्किट असतं, एकेका सेलवर लक्ष ठेवणारं. ते चांगलं नसेल तर बॅटरी कोणतीही घ्या, उपयोग नाही.

मी सगळं लिहून घेत होते. शेवटी तो थांबला आणि पेनाकडे बोट करून म्हणाला, "बाई, हे मोठ्या अक्षरात लिवा. जिथं ऑक्सिजन, तिथं बॅटरी ठेवायची न्हाई. वऱ्हांड्यात भिंतीला लावू, सावलीत." मी लिहिलं, खाली दोन रेघाही मारल्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

"कधी बसवतोस?"

"माल हैदराबादहून यायला तीन आठवडे तरी धरा."

तीन आठवडे! वळिवाचे दिवस होते. रोज दुपारनंतर आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा आणि लाईट जायची, कधी पंधरा मिनिटं, कधी दोन तास. छोट्या सिलिंडरवर तीन आठवडे कसे काढायचे? घरी येऊन यांना सांगितलं, तर हे भलत्याच कारणासाठी रुसून बसले.

"घरचा माणूस असताना बाहेर कशाला गेलीस?"

घरचा माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. नांदेडला त्यांचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे. सासरे लवकर गेले, तेव्हा यांनीच भावाला आयटीआयला घातलं, राहायला खोली बघून दिली, मिलमधून सुटले की दर रविवारी डबा घेऊन जायचे. भावजी शिकले, पायावर उभे राहिले, गेल्या काही वर्षांत ई-रिक्षांसाठी लिथियमचे पॅकही बनवायला लागले. यांना त्याचा केवढा अभिमान! कुणी भेटलं की, "आमचा धाकटा बॅटरी बनवतो, बरं का, बॅटरी." आणि आता त्याच भावाला सोडून लातूरच्या दुकानात जायचं म्हणजे जगात तोंड दाखवायला जागा नाही, असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, "श्वास तुमचा, इभ्रत भावाची." हे हसले नाहीत.

म्हणून मी नांदेडला गेले. शेजारच्या बाईंना यांच्याजवळ बसवलं आणि सकाळची एसटी धरली. अहमदपूर, लोहा करत दुपारच्या आत पोचले. दुकान छोटंच. आत गेल्या गेल्या एक वास आला, गोडसर, नखाचा रंग पुसायच्या औषधासारखा. भावजींनी खुर्ची पुसून दिली. टेबलावर प्लास्टिकच्या टोपल्यांमध्ये बोटभर लांबीचे सेल भरले होते, शेकड्यांनी, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि पेनानं लिहिलेला आकडा.

"नवे आहेत?"

"न्हाई वहिनी," ते लपवणाऱ्यांतले नाहीत, "जुन्या स्कूटरीचे पॅक येतात, ते फोडून काढून राहिलोय. पण एकेक सेल मी सवता तपासतो. जो कमी भरला तो बाजूला. दादासाठी तर मी हाताने निवडून घेणार."

मी वही उघडून लातूरच्या विद्यार्थ्यानं सांगितलेले प्रश्न विचारायला लागले, फॉस्फेट आहे का, आतलं सर्किट कसलं आहे. ते ऐकून घेत होते, पण चेहरा जरा उतरला. "दुकानदार लोक घाबरवतात, वहिनी. घाबरवल्याशिवाय त्यांचा माल कसा खपंल? माझ्या पॅकवर नांदेडात किती रिक्षा पळतात, कुणालाबी विचारा."

हात धुवायला मी मागच्या दारी गेले. तिथं भिंतीला लागून एक लोखंडी पिंप होतं, वाळूनं भरलेलं, आणि वाळूत एक पॅक अर्धा पुरलेला. त्याची पाठ फुगून आली होती, निळं वेष्टण फाटून कडा काळ्या पडल्या होत्या.

"हे काय हो, भावजी?"

"तापलं होतं. वाळूत टाकलं की बिघडत न्हाई."

मी हात धुतले, पदराला पुसले आणि आत येऊन बसले. तिथंच उठायला पाहिजे होतं. उठून, नमस्कार करून, बसस्टँडवर जायला पाहिजे होतं. पण मी काय विचार केला? तीन आठवडे. आणि घरी यांचा रुसलेला चेहरा. म्हटलं, आत्ता हे बसवू, लातूरचं आलं की मग काढू. आणि तिकडं विद्यार्थ्याला फोन करून मात्र मी सांगितलं, "सध्या थांब रे, मग सांगते." असं दोन्हीकडून गोड राहायला मी कधी शिकले कोण जाणे.

चार दिवसांनी भावजी स्वतः गाडीतून पेटी घेऊन आले. पत्र्याची पेटी, गुडघ्याएवढी, खाली चार चाकं, बाजूला जाळी, आत पॅक, इन्व्हर्टर आणि छोटा पंखा. पेटी कुठं ठेवायची यावरून जरा वाद झाला. मी वही काढून दोन रेघा मारलेली ओळ वाचून दाखवली. भावजी म्हणाले, इथून वऱ्हांड्यापर्यंत वायर ओढायची तर आज काम पुरं होणार नाही. हे उशीला टेकून म्हणाले, "असू दे गं इथंच. माझ्या नजरेसमोर राहील." भावाची करणी नजरेसमोर हवी होती यांना. झालं, पेटी यांच्या पलंगापासून दोन हातांवर, मशीनच्या शेजारी बसली. भावजींनी देव्हाऱ्यातली विभूती आणून तिच्यावर तीन बोटं ओढली. मग पेटीवर हात ठेवून मला म्हणाले, "वहिनी, एवढं ध्यानात ठेवा. हिच्या चारी बाजूला हवा खेळली पाहिजे. काही टेकवू नका, वर काही टाकू नका."

मी ऐकलं होतं. "हो हो, कळलं," असं म्हणालेही होते. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

त्याच संध्याकाळी लाईट गेली आणि मशीन ओरडलं नाही. घरघर तशीच चालू. सगळी गल्ली अंधारात, आणि यांच्या नाकातली नळी आपली सुसू करत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला आणि रडून घेतलं. यांनी भावाला फोन लावला. दम पुरत नव्हता, तरी तीनदा तेच तेच सांगितलं. असे कितीतरी दिवस गेले आणि लातूरच्या विद्यार्थ्याला फोन करायचं माझ्या डोक्यातून पार निघून गेलं. जिवात जीव आला की माणूस असं विसरतं.

आता माझी एक खोड सांगते. आमच्या घरात उघडी वस्तू म्हणून तुम्हाला दिसायची नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीला झालर लावलेलं कव्हर, शिलाई मशीनला कव्हर. रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. हे चेष्टा करायचे, "उद्या मलाही शिवशील एखादं." उन्हाळ्यात लातूरची धूळ म्हणजे काय सांगावं, सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं. आणि यांचं दुखणंच मुळी धुळीचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीत कण नको. त्या पेटीच्या जाळीवर मात्र रोज धूळ साठायची आणि आतला पंखा ती धूळ यांच्या तोंडाकडे फेकायचा. मला ते बघवत नव्हतं.

सोफ्याचं जुनं रेक्झिन होतं, आत फोम लावलेलं. त्याचं माप घेतलं, आतून दुलईचं अस्तर दिलं, कडेला निळी पायपिंग घातली. दोन दिवस शिलाई मशीनवर बसले, पाठ मोडून गेली. वायर बाहेर यायला मागं फट ठेवली. चढवलं तर काय बेताचं बसलं! हे बघत होते. म्हणाले, "झकास." मला भावजींचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण मी मनाशी म्हटलं, वर काही टाकू नका म्हणजे ओझं टाकू नका, कव्हर म्हणजे काही ओझं थोडंच आहे. असं मी स्वतःला समजावलं आणि खोलीचं दार लोटून भाजी निवडायला गेले.

त्यानंतरचे दिवस आठवले की आता अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र मी सगळ्याकडे कानाडोळा केला. पेटीचा पंखा आधी अधूनमधून फिरायचा, तो आता थांबेनाच, बारीक आवाजात सतत कण्हत राहायचा. मला वाटलं, उन्हाळा आहे, त्यालाही उकडत असेल. पेटीच्या खालची फरशी अनवाणी पायाला गरम लागायला लागली. वरून कव्हरला हात लावला की भाकरी बांधलेल्या फडक्यासारखं कोमट लागायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं खालचं टोक वळून वर आलं होतं. आणि हे दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. मी विचारायची, "काय होतंय?" म्हणायचे, "काही नाही." जेवण कमी झालं, डोकं दुखतं म्हणायला लागले. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मशीनचा आकडा अर्ध्या लिटरनं वाढवायला सांगितलं. मी तो वाढवला.

त्या दिवशी सकाळी दहालाच गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. वायरमन म्हणाला, संध्याकाळशिवाय काही होत नाही. मी बेफिकीर. पेटी चार तास सहज ओढते, तोवर मोठं सिलिंडर मागवून घेऊ म्हटलं. एजन्सीला फोन केला, ते निघाले होते. दोनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात तुरी पाखडत होते. यांना मोठ्यानं हाक मारता येत नाही, म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलेला असतो. चमचा वाजला. एकदा, मग लगोलग चार-पाचदा.

दार उघडलं तर तोच वास. नांदेडच्या दुकानातला. पण तिथं तो नुसता तरंगत होता, इथं नाकातून घशात उतरला. हे उठून बसले होते, पेटीकडे बोट करत होते. मी कव्हर वर उचललं आणि तोंडावर वाफारा आला. पत्र्याची एक बाजू फुगली होती. आतून सुईनं टायर पंक्चर झाल्यासारखा बारीक फुसफुस आवाज येत होता आणि जाळीतून पांढरा धूर निघत होता. तिच्यापासून दोन हातांवर माझा नवरा, आणि त्याच्या नाकातून सुसू करणारा ऑक्सिजन.

हे सगळं एका श्वासात घडलं, पण मला ते अजून सावकाश दिसतं. पेटी बंद केली तर मशीन बंद, मशीन बंद तर हे. पेटी चालू ठेवली तर दोघंही. मी प्लग उपटला. मशीन किंचाळायला लागलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या हातानं नाकातली नळी काढली. मी पेटीला ढकलत दारापर्यंत नेलं. तिथं उंबरा! चाकं उंबऱ्याला अडकली. हात लावायची सोय नव्हती, पत्रा तव्यासारखा झाला होता. ते कव्हर मी पेटीभोवती आवळलं, दोन्ही टोकं धरली, आणि कुठून बळ आलं देव जाणे, उचलून पलीकडे लोटली. ती वऱ्हांड्यातून घरंगळत अंगणात गेली, कडुनिंबाखाली आडवी झाली. मी आत वळले तोच मागं धाड धाड आवाज सुरू झाले.

यांचे ओठ काळे-निळे पडले होते. डोळे उघडे, पण माझ्याकडे नव्हते. छोटं सिलिंडर, पाना, नळी. या वेळी पाना एका झटक्यात बसला. मी यांचं डोकं मांडीवर घेऊन "अहो, घ्या, घ्या ना, ओढा," एवढंच म्हणत राहिले. बाहेर शेजारीपाजारी जमले, कुणी पाणी पाणी ओरडत होतं, कुणी समोरच्या बांधकामावरची वाळू घमेल्यानं आणून टाकत होतं. बऱ्याच वेळानं यांच्या बोटांनी माझं मनगट दाबलं. मोठं सिलिंडर आलं, मग दवाखाना, तिथं चार दिवस काढले. वाचले.

मी अंगण बघितलं ते दवाखान्यातून परत आल्यावर. कडुनिंबाची एक फांदी करपली होती. वाळूच्या ढिगात काळे सेल विखुरले होते. कव्हरचं नावनिशाण नव्हतं. रेक्झिन आणि फोम, राहणार काय त्यातलं?

दुसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. दवाखान्यात ते दोनदा येऊन गेले होते, तेव्हा मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. हे पलंगावर, नळी लावलेली. भावजी रडत होते. म्हणाले, "वहिनी, मला झोप न्हाई. मी सगळे आकडे परत परत बघून राहिलो. एवढं तापायला नको होतं. वर काही झाकलं-बिकलं तर नव्हतं ना?"

मी म्हणाले, "नाही."

असा सरळ शब्द बाहेर पडला, थांबले सुद्धा नाही मी. आणि तेवढ्यावर भागलं असतं तर बरं, पण माझी जीभ सुटली. "तुमचे भंगारातले सेल ते, दुसरं काय होणार? ज्या भावानं वाढवलं त्यालाच जाळायला निघाला होतात."

मग ते म्हणाले, "माझीच चूक हाय, वहिनी." आणि फोन ठेवला.

मी यांच्याकडे पाहिलं नाही. घड्या घालत राहिले. सगळ्या कपड्यांच्या घड्या संपल्या तेव्हा विचारलं, "वास कधीपासून येत होता?"

"आठ दिवस," हे म्हणाले.

"आठ दिवस! आणि मला सांगितलं नाही? भावाची लाज वाटली म्हणून?"

यांना एका दमात तीन-चार शब्दच बोलता येतात. ते तसेच, तुकड्या-तुकड्यानं म्हणाले, "मला वाटलं... रेक्झिनचा आहे. तू दोन दिवस... पाठ मोडून शिवलंस. काढ कसं म्हणू?"

मी तिथून उठून गेले.

आता वऱ्हांड्यात भिंतीला नवी बॅटरी आहे. माझ्या विद्यार्थ्यानं बसवली, फॉस्फेटची, सावलीत, खोलीपासून लांब. हायब्रीड इन्व्हर्टरही आहे. लाईट गेली तरी छतावरचं ऊन घरात येतं, मशीन चालतं. भावजींनी लिथियमचं काम बंद केलं, सेल जोडायचं मशीन विकून टाकलं, असं कानावर आलं. ते आमच्याकडे येत नाहीत. मागं उदगीरला एका लग्नात आमच्याच लोकांमध्ये विषय निघाला. सगळे म्हणाले, सख्ख्या भावाला असा माल देतं का कुणी. मी मान हलवली. घरी येऊन यांना सांगितलं, कोण काय म्हणालं ते. मला वाटलं, आता तरी बोलतील. यांच्याजवळ दिवसाला मोजकेच शब्द असतात, त्यातले चार पुरले असते. भावाला फोन लाव, एवढं जरी म्हणाले असते तरी मी लावला असता. नुसतं ऐकलं, आणि पाणी मागितलं. मला वाचवायला हा माणूस स्वतःच्या भावाला देऊन बसला आहे, आणि ते मी घेते आहे, रोज.

लाईट गेली की मी खोलीत जाते. पलंगाशी उभी राहून विचारते, "अहो, कसला वास येतोय का?"

"नाही," हे म्हणतात. मी भावजींना म्हणाले होते तसंच, सरळ, न थांबता.

मग मी हातातलं काम टाकते आणि स्वतः वऱ्हांड्यात जाऊन बघून येते.